हाडांचाही पेरणीचा हंगाम असतो



आपली या पानावर गाठ पडते ती बहुतेक वेळा बियाणे, खते नाही तर रोगकिडीच्या निमित्ताने. आज मात्र मी तुमच्याशी हाडांविषयी बोलणार आहे. कृषी खात्यातल्या माणसाने डॉक्टरांच्या रानात का शिरावे, असे तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे. पण गेल्या वर्षी माझ्या घरी जे घडले, ते तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तेच तुमच्याही घरात हळूहळू घडत असेल, तर वेळेवर तिकडे लक्ष जावे एवढाच हेतू.

माझी आई शहात्तर वर्षांची. गावाकडे धाकट्या भावाजवळ असते. सात-आठ वर्षांपूर्वी ती एकदा म्हणाली, "अरे, फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा माझ्या हाताला येईना झालाय." मी सुताराला बोलावले आणि फळी वीतभर खाली घेतली. आईची सोय झाली म्हणून ती खूश, मीही खूश. फळी तीच होती, घर तेच होते. मग आईचा हात का पोचेना, हा प्रश्न मला पडला नाही. तिची पाठ वाकत चालली होती, ती आम्ही रोज पाहत होतो. पण वय झाले की माणूस वाकायचेच, असे आपण धरूनच चालतो.

गेल्या श्रावणात पहाटे ती गोठ्यात गेली, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि ती बसकण मारावी तशी खाली बसली. तेवढ्यानेच खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या गावी नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी मला क्ष-किरणाचे चित्र दिव्यावर धरून दाखवले. म्हणाले, "खुबा आज मोडला, पण हे पाहा. पाठीचे दोन मणके केव्हाच दबून चपटे झालेत. म्हणून या वाकल्या. म्हणून उंची कमी झाली. हाडे आतून विरळ झाली आहेत."

त्या वेळी मला ती फळी आठवली. तीस वर्षे मी गावोगाव हिंडून सांगत आलो, की माती तपासा, जमिनीतला चुना पाहा, पिकाचे पान पिवळे पडले तर कारण शोधा. आणि घरातले सर्वांत जुने झाड वाकत होते, तर मी कारण शोधायचे सोडून फळी खाली घेतली.

त्यानंतर मी हाडांविषयी जे मिळेल ते वाचले, डॉक्टरांना विचारले. ते आपल्या भाषेत तुमच्यापुढे मांडतो.

मूल जन्मते तेव्हा त्याच्या अंगात पावणेतीनशेच्या आसपास हाडे असतात. त्यांपैकी कित्येक पुढे एकमेकांत सांधली जातात आणि मोठ्या माणसात २०६ उरतात. मांडीचे हाड सर्वांत लांब, तर कानातले रिकिबीच्या आकाराचे हाड सर्वांत लहान. एका हाताच्या पंजात मनगटासकट २७ हाडे आणि एका पावलात २६. म्हणजे निम्म्याहून अधिक हाडे हातापायांच्या पंजांतच आहेत. खुरपे धरणे, धार काढणे, ढेकळांतून तोल सांभाळून चालणे, ही बारीक कामे आपल्याला जमतात ती त्यामुळेच.

हा सांगाडा करतो तरी काय? पाच कामे करतो. पहिले काम आधाराचे. गोठ्याला मेढी, आढे आणि वासे असतात म्हणून वरचे छप्पर उभे राहते, तसे. दुसरे काम राखणीचे. मेंदूला कवटीची पेटी, काळीज आणि फुप्फुसांना बरगड्यांच्या बारा जोड्यांचा पिंजरा, आणि पाठीतल्या मज्जारज्जूला मणक्यांची नळी. तिसरे काम हालचालीचे. हाड स्वतः हलत नाही. स्नायू त्याला ओढतो आणि सांध्यावर ते फिरते. पहारीने दगड उलथताना पहार, टेकण आणि आपला जोर असे तीन भाग असतात, तसेच हाड, सांधा आणि स्नायू. चौथे काम आपल्याला दिसत नाही. बरगड्या, मणके, छातीचे हाड, कमरेचे हाड यांच्या आत जो तांबडा मगज असतो, तिथे रक्त तयार होते. दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी! आणि पाचवे काम कोठाराचे. अंगातल्या कॅल्शियमपैकी, म्हणजे आपल्या बोलीत चुन्यापैकी, शंभरातले नव्व्याण्णव भाग हाडांत आणि दातांत साठवलेले असतात. उरलेला एक भाग रक्तात आणि इतर ठिकाणी लागतो. काळजाचे ठोके आणि स्नायूंचे आखडणे-सैलावणे त्यावर चालते. खाण्यातून तो कमी पडला, तर शरीर काळीज थांबवत नाही. ते कोठार फोडते आणि हाडातला चुना काढून घेते.

मेलेले हाड आपण उकिरड्यावर पाहतो, म्हणून हाड म्हणजे दगड असे आपल्याला वाटते. तसे नाही. जिवंत हाडाची रोज थोडी मोडतोड होते आणि रोज थोडी बांधणी होते. मोठ्या माणसात वर्षाकाठी सुमारे दहावा हिस्सा हाड नवे होते. लहानपणी आणि वाढत्या वयात बांधणी जास्त, मोडतोड कमी. विशी ओलांडेपर्यंत बहुतेक सारे हाड भरून होते, तिशीपर्यंत काय थोडी भर पडते ती पडते. चाळिशीनंतर पारडे उलटे फिरते, आणि बायकांत पाळी थांबल्यावर पहिली काही वर्षे झीज झपाट्याने होते.

म्हणजे पाहा, हाडांचाही पेरणीचा हंगाम असतो. तो साधारण दहाव्या वर्षापासून विशीपर्यंत. उंची झपाट्याने वाढते त्या सुमाराची दोन वर्षे तर अशी, की आयुष्यभराच्या हाडांतला जवळजवळ चौथा हिस्सा तेवढ्यात भरतो. त्या वेळी कोठार भरले, तर पुढे झीज झाली तरी पुरून उरते. त्या वेळी रिते राहिले, तर साठीत गोठ्यातली ओली फरशी पुरते.

आता ही पेरणी कशाने होते? दोन गोष्टींनी. एक खाणे, दुसरे खेळणे.

खेळण्याचे आधी सांगतो, कारण घरात भांडण झाले ते त्यावरून. १८९२ मध्ये यूलियुस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यवैद्याने एक ग्रंथ लिहून असे मांडले, की हाडावर जसा भार पडतो तशी हाडाची घडण बदलते. जिथे ताण येतो तिथे हाड भरते, जिथे काम नसते तिथे विरळ होते. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते. उलट अंतराळात जाणारे, जिथे शरीराला वजनच जाणवत नाही, त्यांच्या कमरेच्या व खुब्याच्या हाडांतून महिन्याला शेकडा एक ते दीड भाग हाड कमी होते. म्हणून त्यांना तिथेही रोज व्यायाम करावा लागतो.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी नववीत आहे. शाळेच्या खो-खोच्या संघात होती. आई दवाखान्यातून घरी आली त्याच महिन्यात ही पोर सरावात खांबापाशी पडली आणि तिच्या मनगटाचे हाड चिरले. गावातले कोणी म्हणाले, तेल लावून चोळून घ्या. सुदैवाने तिच्या शिक्षकांनी हात पट्टीला बांधून सरळ डॉक्टरांकडे नेले. हे लक्षात ठेवा. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, हाड लांबीला वाढते ते तिथून. मोडलेला हात चोळला, ओढला, तर त्या चकतीला इजा होऊन हात वाकडा किंवा आखूड राहू शकतो. हाडवैद्याविषयी मला आदर आहे, पण आधी क्ष-किरणाचे चित्र काढून घ्यावे.

हात सहा आठवड्यांत बरा झाला. पण भावाने तिचे नाव संघातून काढून घेतले. मी गेलो तेव्हा पोर माझ्याशी बोलेना. भावाला विचारले, तर म्हणाला, "दादा, ती पहाटं शेण काढती, रविवारी खुरपायला येती, वैरणीचा भारा आणती. आणखी कसला व्यायाम पायजे? आन् हात वाकडा राहिला असता, तर उद्या पोरीचं लगीन कसं जमलं असतं?"

वाचकहो, भावाचा हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांचा असेल, म्हणून नीट उत्तर देतो. कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. खुरपताना माणूस तास-तास एकाच अंगाने वाकलेला असतो. गुडघे, कंबर आणि मान यांच्यावर तोच ताण, त्याच जागी, पुन्हा पुन्हा येतो. हाडाला भरायला लागतो तो ताण वेगळा. तो थोडा वेळ पुरतो; पण झटक्याचा, बदलता आणि निरनिराळ्या दिशांनी यावा लागतो, आणि मध्ये विसावा हवा. खो-खोत मूल पाटीवर बसते, खो मिळाला की उसळून उठते, पळते, खांबाला वळसा घालते, सूर मारते. पायाचे, खुब्याचे, पाठीचे, हाताचे हाड न् हाड त्यात कामाला लागते. दोरीवरच्या उड्या, लंगडी, कबड्डी, सूरपाट्या, मल्लखांब, सूर्यनमस्कार यांत असे निरनिराळे ताण आहेत. आपल्या जुन्या माणसांनी तालमीला आणि मैदानाला जे महत्त्व दिले, ते उगाच नव्हे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि १९३६ मध्ये त्यांच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. खो-खोचे नियम बसवायचे काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये हाती घेतले. आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. खो-खो हा आता पोरासोरांचा वेळ घालवण्याचा खेळ राहिलेला नाही.

एवढे सांगूनही भाऊ गप्पच. मी कृषी अधिकारी असलो तरी त्याच्यापुढे नुसता दादा. शेवटी बोलली ती आई. ती पलीकडे खाटेवर पडून सगळे ऐकत होती. म्हणाली, "मी चौदाव्या वर्षी या घरात आले रे. त्याआधी माहेरी आट्यापाट्यांत मला कुणी धरू शकत नव्हतं. लगीन झालं आन् ते सुटलं ते सुटलंच. पाच लेकरं झाली, पण दुधाचा पेला कधी माझ्या वाट्याला आला न्हाई, आन् मीही मागितला न्हाई. माझ्या हाडाचं व्हायचं ते झालं. तिचा हात मोडला तर सहा आठवड्यांत सांधला. माझा खुबा बघ. तू कुठलं मोडणं पत्करतोस, ते तू ठरव."

भाऊ उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत जाऊन शिक्षकांना भेटला. सराव अंधार पडेपर्यंत चालतो ही त्याची खरी अडचण होती, आणि ती त्याने आम्हाला कधी सांगितलीच नव्हती. शिक्षक समजदार निघाले. सराव सकाळी शाळेआधी ठेवला.

आता खाण्याचे. वाढत्या मुलामुलींना रोज सुमारे एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते औषधाच्या दुकानातूनच आणायला हवे असे नाही, आपल्या रानात आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. म्हणजे दोन भाकरींत हजाराचा तिसरा हिस्सा भागला. पेलाभर गाईच्या दुधात दोनशेच्या वर. चमचाभर तिळाची चटणी किंवा लाडू घेतला तर शंभराच्या वर. शेवग्याचा पाला शंभर ग्रॅमला तीनशेच्या वर, आणि तो तर बांधावर फुकट आहे. डाळी आणि इतर पालेभाज्या धरल्या की हिशेब जुळतो. पण आपल्याकडे होते काय? दोन्ही वेळचे दूध डेअरीला जाते आणि घरात कोरा चहा उकळतो. पगार दुधाचा होतो हे मला ठाऊक आहे, संसार त्यावर चालतो. तरी पोरांपुरते एकेक पेला आधी काढून ठेवा आणि मग किटली भरा. घरात तान्हे मूल असेल, तर त्याच्या आईचा पेला त्याहून आधी काढा. अंगावर पाजताना आईच्या हाडातला चुना बाळाकडे जातो. पुढे तो भरून येतो, पण ताटात असेल तरच.

हा चुना अंगी लागायला ऊन लागते. कातडीवर ऊन पडले की ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते नसेल तर खाल्लेला चुना वाया जातो. राबणाऱ्यांना ऊन मिळते, पण शाळकरी मुली आणि घरात बसलेली म्हातारी माणसे यांना ते मिळत नाही. अकरा ते दोनच्या दरम्यान पंधरा-वीस मिनिटे हातपाय उघडे ठेवून उन्हात बसावे. आणि मुलगी खेळत असेल तर तिच्या ताटात एक भाकरी वाढवा. खेळ जास्त आणि खाणे कमी झाले तर पाळी बंद पडते आणि हाडे भरायच्या ऐवजी झिजतात. तसे झाले तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

जाता जाता मुलग्यांविषयी आणि आपल्या स्वतःविषयी. दहावीतला मुलगा अंगाने भरला की आपण त्याच्या पाठीवर पोते देतो आणि कौतुक करतो. त्याच्या मणक्यांची वाढ अजून पुरी झालेली नसते. उचलण्यामागचे गणित ऐका. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून चार-पाच सेंटिमीटर मागे असतात. कमरेतून वाकून, हात लांब करून पोते उचलले तर ते मणक्यापासून चाळीस-पन्नास सेंटिमीटर पुढे असते. पहारीच्या न्यायाने स्नायूंना आठ-दहा पट जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब कमरेच्या मणक्यांवर आणि त्यांच्या मधल्या चकत्यांवर येतो. मी चाळिशीत खताची पन्नास किलोची गोणी अशीच वाकून उचलली होती आणि तीन आठवडे अंथरुणाला खिळलो होतो. म्हणून गुडघे वाकवा, ओझे पोटाशी घ्या, पाठ सरळ ठेवा, मांड्यांच्या जोरावर उठा आणि उचललेले ओझे घेऊन कमरेतून पिळू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली. युरियाची गोणीसुद्धा २०१८ पासून पन्नासाची पंचेचाळीस किलो झाली. ती मर्यादाही भरल्या अंगाच्या गड्यासाठी आहे, पोरासाठी नव्हे.

आई आता चौकटीच्या आधाराने अंगणापर्यंत येते. डॉक्टरांनी औषध सुरू केले आहे. झालेली झीज पूर्ण भरून येणार नाही, पण पुढची थोपवता येते. गोठ्याची फरशी भावाने खडबडीत करून घेतली आणि भिंतीला धरायला नळी बसवली. पुतणीचा संघ तालुक्याच्या सामन्यात दुसऱ्याच फेरीत हरला. ती रडत घरी आली, तेव्हा आजीने तिला जवळ बसवून सामना पहिल्यापासून सांगायला लावला, आणि कुठे चुकले ते आजीच तिला सांगू लागली. भाऊ दारात उभा राहून ऐकत होता.

तर मंडळी, येत्या रविवारी एवढे करा. आईला किंवा सासूला भिंतीशी उभी करा. तिची उंची दोन बोटांहून जास्त घटली असेल, पाठ वाकत चालली असेल, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. घरातल्या मुलीला विचारा, ती शाळेत काय खेळते. काहीच खेळत नसेल तर का नाही, तेही विचारा. आणि तिच्या ताटात काय पडते, ते एकदा शेजारी बसून पाहा.

आणि घरातले कोणी म्हणाले, की वरच्या फळीला हात पोचेना, तर सुताराला बोलावण्याआधी जरा थांबा आणि त्या माणसाकडे नीट पाहा. मी पाहिले नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.